रबराचा हातमोजा की कापडाचा? एका एचएस कोडचे प्रकरण

औद्योगिक सुरक्षेची साधने आयात करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीचे हे प्रकरण. कंपनीचे नाव, तिचा देश आणि पुरवठादाराचा देश गाळला आहे, व्यवहाराचे काही तपशीलही बदलले आहेत. वस्तूची रचना आणि वर्गीकरणाचे नियम मात्र आहेत तसेच ठेवले आहेत, कारण सगळा वाद त्यांचाच आहे.

पार्श्वभूमी

कंपनी एकाच पुरवठादाराकडून चार प्रकारचे हातमोजे मागवत असे. सोयीसाठी त्यांना क, ख, ग आणि घ म्हणू.

क म्हणजे नायट्राइलचा (एका कृत्रिम रबराचा) पातळ, एकदा वापरून टाकायचा मोजा. त्यात कापड अजिबात नाही. ख मध्ये नायलॉनच्या धाग्याचा, यंत्रावर अखंड विणलेला मोजा आत असतो आणि फक्त तळहात व बोटांवर नायट्राइल रबराचा लेप असतो. हाताची पाठ उघडी राहते, तिथले विणकाम सरळ दिसते. ग दिसायला ख सारखाच, पण त्याचा धागा धारदार पत्र्यानेही सहज न कापला जाणारा, उच्च क्षमतेच्या पॉलिइथिलीनचा, आणि लेप पॉलियुरेथेनचा. घ हा जाडजूड, मनगटाच्या वरपर्यंत पूर्ण बुडवून काढलेला. आत साध्या पांढऱ्या जर्सी कापडाचे अस्तर, बाहेर सगळीकडे रबर. पुरवठादाराच्या कॅटलॉगमध्ये घ चे वर्णन 'फोम नायट्राइल' असे होते. या दोन शब्दांनी पुढे बराच वेळ खाल्ला.

कस्टम्स ज्या क्रमांकावरून शुल्क ठरवते तो एचएस कोड. चारही मोजे वर्षानुवर्षे एकाच कोडखाली येत होते: ४०१५.१९, म्हणजे व्हल्कनाइज्ड (गंधकाची प्रक्रिया करून टिकाऊ केलेल्या) रबराचे हातमोजे, 'इतर'.

हा कोड आला कुठून, तर पुरवठादाराच्या इनव्हॉइसवरून. पुरवठादाराने निर्यात करताना स्वतःच्या कस्टम्सला तो दिला होता, आयात करणाऱ्या बाजूच्या ब्रोकरने (कस्टम्सची कागदपत्रे भरणाऱ्या मध्यस्थाने) तोच पुढे चालवला. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. निर्यातदाराला त्या कोडवर बहुतेक वेळा शुल्क भरायचे नसते. कोड चुकला तरी त्याच्या खिशाला चाट बसत नाही. म्हणून इनव्हॉइसवरचा कोड हे पुरवठादाराचे मत समजावे, पुरावा नव्हे. वस्तू आत घेताना कोडची जबाबदारी आयातदाराची असते.

ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हार्मोनाइज्ड सिस्टीम किंवा एचएस ही वर्गीकरणाची पद्धत जागतिक सीमाशुल्क संघटना ब्रुसेल्समधून सांभाळते. तिचा करार १९८३ सालचा, अंमल १ जानेवारी १९८८ पासून. तिच्यात २१ सेक्शन आणि ९७ चॅप्टर आहेत. त्यांतला ७७ वा चॅप्टर पुढेमागे लागेल म्हणून रिकामा ठेवला आहे. पहिले चार अंक म्हणजे हेडिंग, सहा अंक म्हणजे सब-हेडिंग. सहा अंकांपर्यंत यादी सगळीकडे सारखी असते, पुढचे अंक प्रत्येक देश आपापले जोडतो. यादी सारखी आहे म्हणून निर्णयही सारखाच येईल, असे मात्र गृहीत धरू नये. त्याच मोज्याला दोन देशांतले अधिकारी दोन वेगळे कोड देऊ शकतात, आणि देतातही.

प्रश्न कसा पुढे आला

एचएसची आवृत्ती साधारण पाच-सहा वर्षांनी बदलते. २०१७ च्या आवृत्तीत ४०१५.११ हे सब-हेडिंग फक्त शस्त्रक्रियेच्या मोज्यांसाठी होते. १ जानेवारी २०२२ पासून त्या जागी ४०१५.१२ आले आणि त्याची व्याप्ती वाढली: वैद्यकीय, शस्त्रक्रिया, दंतवैद्यक आणि पशुवैद्यक अशा चारही वापरांचे मोजे त्यात गेले. त्यामुळे ४०१५ खाली काहीही आणणाऱ्या प्रत्येकाला आपली यादी पुन्हा तपासणे भाग पडले. क मोजा प्रयोगशाळेसाठी विकला जातो की दवाखान्यासाठी, एवढाच प्रश्न या कंपनीपुढे खरे तर होता.

कंपनीत नव्यानेच आलेल्या अनुपालन अधिकारी बाईंनी यादीवर समाधान न मानता गोदामातून चारही मोजे मागवले आणि कात्रीने उभे कापले. ख कापल्यावर त्यांनी ब्रोकरला फोन केला. ब्रोकरचे उत्तर या धंद्यातल्या कुणालाही पाठ असेल असे होते: "मॅडम, कितीतरी वर्षं हाच कोड लावतोय. कस्टम्सनं एकदाही विचारलं नाही."

कस्टम्सने विचारले नाही, म्हणजे कस्टम्सने मान्य केले असे होत नाही. बहुतेक देशांत बहुसंख्य घोषणापत्रे जोखीम-निकषांवर, प्रत्यक्ष तपासणी न होता सुटतात आणि मागाहून लेखापरीक्षणात उघडली जातात. आयातदाराच्या देशात रबरी मोज्यांपेक्षा विणलेल्या मोज्यांवर शुल्क जास्त होते. म्हणजे ख किंवा ग चा कोड चुकला असेल, तर कंपनीने इतकी वर्षे कमी शुल्क भरले होते. या टप्प्यावर मला वर्गीकरणाचे मत देण्यासाठी बोलावण्यात आले.

आधी वस्तू

पहिल्याच बैठकीत खरेदी विभागाने 'कोणत्या कोडला किती शुल्क' याचा तक्ता समोर ठेवला. तो बाजूला ठेवायला लावणे हा या प्रकरणातला पहिला निर्णय, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. दर आधी पाहिला की माणूस नकळत नियम त्या दराकडे वळवू लागतो. त्याऐवजी कारखान्याला प्रश्न पाठवले. आतला मोजा कोण विणतो आणि कुठे? तो अखंड विणलेला की कापून शिवलेला? लेपाचा रासायनिक प्रकार कोणता, आणि त्याला गंधकाने व्हल्कनाइज करतात का? लेप सच्छिद्र आहे का, असल्यास आरपार की फक्त पृष्ठभागावर? मोज्याचे प्रति चौरस मीटर वजन किती, आणि त्यात कापडाचा वाटा किती?

उत्तरे यायला वेळ लागला, कारण पुरवठादाराच्या विक्री विभागाकडे ती नव्हतीच. कारखान्यातल्या उत्पादन विभागापर्यंत प्रश्न पोहोचल्यावर माहिती हलली.

ग चा प्रश्न सर्वांत आधी सुटला. चॅप्टर ४० मध्ये कृत्रिम रबराची व्याख्या चाचणीसकट दिली आहे. पदार्थ असंपृक्त हवा आणि गंधकाने व्हल्कनाइज केल्यावर १८ ते २९ अंश सेल्सिअस तापमानात मूळ लांबीच्या तिप्पट ताणला तरी तुटता कामा नये. दुप्पट ताणून सोडल्यावर पाच मिनिटांत मूळ लांबीच्या दीडपटीच्या आत परतला पाहिजे. नायट्राइल रबर या व्याख्येत बसते. ग वर वापरलेले पॉलियुरेथेन गंधकाने व्हल्कनाइज होणारे नव्हते, ते सरळ प्लास्टिक होते. म्हणजे ग च्या बाबतीत ४०१५ कोणत्याही बाजूने टिकणारे नव्हते. वाद असलाच तर चॅप्टर ३९ (प्लास्टिक) आणि चॅप्टर ६१ (विणलेले कपडे) यांच्यात होता.

एकमेकींकडे बोट दाखवणाऱ्या टिपा

ख चे काय? ४०१५ म्हणते, व्हल्कनाइज्ड रबराचे कपडे आणि हातमोजे, कोणत्याही उपयोगाचे. ६११६ म्हणते, विणलेले हातमोजे. ख दोन्ही आहे.

खरेदी विभागप्रमुखांनी इथे थेट वर्गीकरणाच्या सामान्य नियम ३(ब) कडे उडी घेतली. हा नियम म्हणतो की, दोन वेगळ्या पदार्थांची बनलेली वस्तू, ज्या घटकामुळे तिला तिचे मूळ स्वरूप मिळते त्या घटकानुसार वर्गीकृत करावी. "पकड रबरामुळे, तेलापासून बचाव रबरामुळे. मग मोजा रबराचाच," असे त्यांचे म्हणणे. युक्तिवाद ऐकायला चांगला, पण त्याच न्यायाने ग मोज्यात हात वाचवतो तो धागा, मग तो कापडाचा ठरवावा लागेल. आणि त्यांना ग सुद्धा रबरातच हवा होता.

मुख्य अडचण त्याहून मूलभूत होती. सहा सामान्य नियम क्रमाने लावायचे असतात. नियम १ नुसार हेडिंगचा मजकूर आणि सेक्शन व चॅप्टरच्या टिपा यांवरून निर्णय होत असेल, तर नियम ३ पर्यंत जायची परवानगीच नाही. व्यवहारात फार मोठ्या संख्येने चुका इथे होतात. 'मूळ स्वरूप' या शब्दांभोवती वाद घालायला मजा येते, टिपा वाचायला कंटाळा येतो.

टिपा वाचल्या तर पहिल्या वाचनात डोके गरगरते. चॅप्टर ४० ची टीप २ म्हणते, सेक्शन ११ मधील कापडी वस्तू या चॅप्टरमध्ये येणार नाहीत. सेक्शन ११ ची टीप १ म्हणते, रबराचा लेप असलेली जी कापडे आणि त्यांच्या वस्तू चॅप्टर ४० च्या आहेत, त्या या सेक्शनमध्ये येणार नाहीत. 'तुमच्याकडे असतील तर आमच्याकडे नाहीत', असे दोघीही म्हणतात. मग असतात कुणाकडे?

उत्तर तिसऱ्याच ठिकाणी आहे: चॅप्टर ५९ मध्ये, रबर चढवलेल्या कापडाच्या टिपेत. मोज्यांसाठी चॅप्टर ५९ उघडावा हे सहजी सुचत नाही; ४०१५ वरील, जागतिक सीमाशुल्क संघटनेने काढलेल्या स्पष्टीकरणात्मक टिपा तिकडे पाठवतात. ती कसोटी अशी: रबराचा लेप असलेल्या कापडाचे वजन प्रति चौरस मीटर १,५०० ग्रॅमपर्यंत असेल, तर ते कापडच समजायचे. त्याहून जड असेल, तर वजनाने निम्म्याहून जास्त भाग कापडाचा असेल तरच ते कापड. ख चे वजन १,५०० ग्रॅमच्या जवळपासही जात नव्हते. रबराचा भाव किती, पकड कशामुळे, तेल कशाने अडते, यांतला एकही प्रश्न ही टीप विचारत नाही. ती मोजा तराजूवर ठेवते.

ख ६११६ मध्ये गेला, आणि तिथे ६११६.१० हे सब-हेडिंग नेमके प्लास्टिक किंवा रबराचा लेप असलेल्या मोज्यांसाठीच आहे. अधिकारी बाईंनी बैठकीत विचारले, "हे सब-हेडिंग पहिल्याच दिवशी वाचलं असतं तर एवढा खटाटोप कशाला?" प्रश्न रास्त. पण सब-हेडिंग वाचून हेडिंग ठरवता येत नाही. नियम ६ नुसार हेडिंग पक्के झाल्यावरच सब-हेडिंगांची आपसात तुलना करायची. ६११६.१० अस्तित्वात आहे यावरून एवढेच कळते की लेप असलेले मोजे ६१ मध्ये असू शकतात. सगळेच असतात असे नाही.

ग साठी अशीच वाट चॅप्टर ३९ आणि ५९ च्या टिपांमधून काढली. त्यात एक खाचखळगा होता. पॉलियुरेथेनचा लेप पाण्यात गोठवून बनवतात, त्यामुळे त्यात सूक्ष्म छिद्रे राहतात. सच्छिद्र प्लास्टिकला जोडलेले कापड 'केवळ मजबुतीसाठी' असेल, तर तो माल चॅप्टर ३९ मध्ये जातो. पण ग च्या पाठीवर लेपच नाही. हाताची अर्धी बाजू नुसत्या विणकामाने झाकली आहे आणि कापले जाण्यापासून संरक्षण धागाच देतो. अशा कापडाला केवळ मजबुतीसाठीचे म्हणणे शक्य नव्हते. ग सुद्धा ६११६.१० मध्ये.

घ आणि 'फोम'

खरा तिढा घ चा होता. चॅप्टर ५९ च्या त्याच टिपेच्या शेवटी एक अपवाद आहे: सच्छिद्र रबराच्या पत्र्या किंवा पट्ट्या, ज्यांना जोडलेले कापड केवळ मजबुतीसाठी आहे, त्या चॅप्टर ४० मध्येच राहतात. घ चा लेप पूर्ण हातावर होता आणि कॅटलॉगप्रमाणे तो फोम होता. अस्तर साधे, पांढरे, एकाच बाजूला. साधे, न रंगवलेले, ब्लीच केलेले किंवा एकाच रंगात रंगवलेले कापड एका बाजूला असेल, तर स्पष्टीकरणात्मक टिपा ते मजबुतीसाठीचे मानतात. नक्षीचे, छापील किंवा लव काढलेले कापड असेल तर मानत नाहीत. या निकषावर घ चॅप्टर ४० मध्ये राहू शकत होता.

पण 'शकत होता' याच्या पुढे जाता येत नव्हते. अपवाद पत्र्या आणि पट्ट्यांविषयी बोलतो, हातमोजा साच्यावर बुडवून घडतो. शिवाय अस्तर नसेल तर घाम जिरत नाही आणि मोजा हातात नीट चढतही नाही, म्हणून अस्तराचे काम मजबुतीपुरते नाही, असाही युक्तिवाद करता येतो. स्पष्टीकरणात्मक टिपांना मान मोठा, पण एचएसच्या करारात त्या कायद्याइतक्या बंधनकारक नाहीत.

हेतूवर उभ्या असलेल्या निकषांचे हे असेच होते. ब्राझील आणि थायलंड यांनी युरोपीय समुदायाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत नेलेला कोंबडीच्या मांसाचा खटला असाच होता. हाडे काढलेले, मीठ लावलेले गोठवलेले मांस ०२१० मध्ये 'खारवलेले' म्हणून जावे की ०२०७ मध्ये, कोंबडीचे ताजे वा गोठवलेले मांस म्हणून? मीठ दीर्घकाळ टिकवण्यासाठी लावलेले असेल तरच ०२१०, अशी युरोपची बाजू होती. २००५ मध्ये ती मान्य झाली नाही. घ च्या बाबतीत फरक इतकाच की इथे हेतूची अट आमच्या कल्पनेतली नव्हती, टिपेतच लिहिलेली होती.

समोरचे पर्याय

कोड ठरवणे आणि त्याचे काय करायचे हे ठरवणे, या दोन वेगळ्या गोष्टी. दुसरीसाठी चार वाटा होत्या.

काहीच न करणे ही पहिली वाट कुणी उघडपणे मांडली नाही, पण बैठकीत ती होती. 'इतकी वर्षं कुणी विचारलं नाही' हे वाक्य तीच वाट सुचवते. आता कंपनीच्या दप्तरात कापलेले मोजे आणि कारखान्याची लेखी उत्तरे होती; माहीत असून गप्प राहणे आणि अजाणतेपणी चुकणे यांना जवळजवळ सगळे कायदे वेगळी शिक्षा देतात.

दुसरी वाट, पुढच्या मालापासून गुपचूप कोड बदलणे. खरेदी विभागाला ही आवडली होती. माझ्या मते चारांतली ही सर्वांत वाईट. त्याच आयातदाराचा, त्याच पुरवठादाराकडचा, त्याच वर्णनाचा माल एका दिवसात वेगळ्या कोडवर आला, की लेखापरीक्षकाला मागची घोषणापत्रे कुठे उघडायची हे आपणच दाखवून देतो.

तिसरी वाट स्वेच्छा-प्रकटनाची, म्हणजे मागची चूक स्वतः कळवून फरकाचे शुल्क व्याजासह भरणे. कस्टम्सची चौकशी सुरू होण्याआधी कळवले तर दंड माफ किंवा कमी होतो, अशी तरतूद त्या देशाच्या कायद्यात होती. चौथी, अॅडव्हान्स रुलिंग मागणे, म्हणजे माल येण्याआधीच कस्टम्सकडून बंधनकारक लेखी निर्णय घेणे. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २२ फेब्रुवारी २०१७ पासून लागू आहे आणि त्याच्या कलम ३ मध्ये सदस्य देशांनी ही सोय द्यावी असे म्हटले आहे.

तिसरी आणि चौथी वाट एकमेकींच्या पायात येत होत्या. त्याच कलमानुसार, अर्जदाराचा तोच प्रश्न एखाद्या सरकारी यंत्रणेपुढे आधीच प्रलंबित असेल तर रुलिंग नाकारता येते. घ ची चूक आधी कळवली असती, तर 'प्रश्न प्रलंबित आहे' म्हणून अर्ज परत येण्याची भीती. आधी रुलिंग मागितले असते, तर अर्जावरूनच चौकशी सुरू होऊन ख आणि ग च्या स्वेच्छा-प्रकटनाचा फायदा जाण्याची भीती.

काय केले

चारही मोज्यांना एकाच पिशवीत घालणे सोडून दिले. ख आणि ग बद्दल शंका उरली नव्हती, म्हणून त्यांचे प्रकटन आधी दाखल झाले: कायद्याने मागे जाता येते तेवढ्या काळाची सगळी घोषणापत्रे, फरकाचा हिशेब आणि सोबत नमुने. त्याच पत्रात एक परिच्छेद घ बद्दल होता. या मोज्याची रचना तपासली जात आहे, त्यासाठी स्वतंत्र रुलिंगचा अर्ज करत आहोत, आणि निर्णय येईपर्यंत त्याचे शुल्क जास्तीच्या दराने, हरकत नोंदवून भरू, असे त्यात लिहिले. लपवाछपवीचा आरोप होऊ नये आणि घ चा प्रश्न प्रकटनात अडकूही नये, यासाठी तो परिच्छेद अनेकदा खोडून लिहिला गेला.

हिशेब करताना एक धक्का बसला, ज्याची आधी कुणालाच कल्पना नव्हती. पुरवठादाराच्या देशाशी मुक्त व्यापार करार होता आणि चारही मोजे सवलतीच्या दराने येत होते. सवलत मिळण्यासाठी माल त्या देशाचा 'मूळ' असावा लागतो, आणि हे त्या करारात कोड बदलण्यावर ठरत होते: आयात केलेल्या कच्च्या मालाचा चॅप्टर आणि तयार मालाचा चॅप्टर वेगळा हवा. ख आणि ग साठीचे अखंड विणलेले आतले मोजे पुरवठादार तिसऱ्याच देशातून विकत घेत असे आणि फक्त बुडवण्याचे काम स्वतः करत असे. तयार माल ४०१५ मध्ये धरला, तर चॅप्टर ६१ चा मोजा बुडवल्याने चॅप्टर ४० चा झाला, अट पूर्ण. पण तयार माल ६११६ मध्ये गेला, तर आत आलेला मोजा ६११६ आणि बाहेर पडलेलाही ६११६. चॅप्टर सोडा, हेडिंगही बदलले नाही. मूळ देशाचे प्रमाणपत्र त्या मालापुरते निरर्थक ठरले.

म्हणजे फरक दोन कोडच्या दरांमधला नव्हता. रबरी मोज्याचा सवलतीचा दर आणि विणलेल्या मोज्याचा पूर्ण दर यांच्यातला होता. वित्त विभागाने त्या दिवशी बैठक अर्ध्यावर थांबवली. प्रकटन मागे घ्यावे का, अशीही चर्चा झाली. पण आकडा मोठा निघाला म्हणून नियम बदलत नाही, आणि तोच आकडा दंडासह कस्टम्सने काढला असता तर काय, या प्रश्नापुढे ती चर्चा संपली. पुरवठादाराला लेखी कळवून ख आणि ग ची प्रमाणपत्रे मागे घ्यायला लावली.

निकाल

ख आणि ग चे प्रकटन स्वीकारले गेले. शुल्काचा फरक आणि व्याज भरावे लागले, दंड लागला नाही. क मोज्यावर कुणाचा आक्षेप नव्हताच, दवाखान्यांसाठीचा ४०१५.१२ आणि बाकीचा ४०१५.१९ अशी विभागणी झाली.

घ चा निर्णय कुणीही न मांडलेल्या कारणावरून झाला. अर्जात आम्ही पाने भरून अस्तराच्या कामाबद्दल लिहिले होते. कस्टम्सच्या प्रयोगशाळेने मोज्याचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात दोन थर दिसले: अस्तराला लागून घट्ट, छिद्ररहित नायट्राइलचा थर, आणि त्यावर पकडीसाठी फोमचा दुसरा. ज्याला कापड जोडलेले आहे ते रबर मुळात सच्छिद्रच नव्हते. अपवाद लागू होत नाही म्हटल्यावर 'केवळ मजबुतीसाठी' हा प्रश्न उरलाच नाही. १,५०० ग्रॅमची साधी कसोटी लागली आणि घ सुद्धा ६११६.१० मध्ये गेला.

मग 'फोम नायट्राइल' खोटे होते का? नव्हते. पूर्वी घ एकाच फोमच्या थराचा होता. फोममधून तेल झिरपते अशा तक्रारी आल्यावर कारखान्याने खाली घट्ट थर द्यायला सुरुवात केली. वस्तूचा क्रमांक तोच राहिला, कॅटलॉगचा मजकूर तोच राहिला, आयातदाराला कळवायचे कुणालाच सुचले नाही. अर्थात, एकाच क्रमांकाच्या मालाच्या दोन रचना दोन काळांत आल्या होत्या. रुलिंग फक्त सादर केलेल्या नमुन्याच्या रचनेला लागू होते. जुन्या रचनेचा एकही मोजा शिल्लक नव्हता आणि बदल नेमक्या कोणत्या खेपेपासून झाला याची कारखान्याची नोंद अपुरी होती. कंपनीने सगळ्या काळासाठी जास्तीचा दर मान्य केला. जुन्या खेपांबाबत हे कदाचित गरजेपेक्षा जास्त भरणे होते. पण पुराव्याशिवाय कमी दर मागणे म्हणजे नवा वाद ओढवून घेणे.

घ ला एक दिलासा मात्र मिळाला. त्याचे अस्तर कारखान्यातच जर्सी कापड कापून शिवले जात होते. कापड चॅप्टर ६० चे, मोजा ६१ चा, त्यामुळे मुक्त व्यापार करारातली सवलत टिकली. ज्याच्यावर सर्वांत जास्त कागद खर्च झाला, त्याच मोज्याचा भुर्दंड सर्वांत कमी बसला.

वेगळे काय करता आले असते

रुलिंगचा अर्ज करण्याआधी घ चा छेद कंपनीने स्वतः एखाद्या प्रयोगशाळेकडून पाहून घ्यायला हवा होता. कात्रीने कापलेला मोजा आणि कॅटलॉगचा शब्द यांवर सगळ्यांनी विसंबून पुढचा कायदेशीर युक्तिवाद रचला. तो युक्तिवाद आजही मला बरा वाटतो, पण तो ज्या वस्तूबद्दल होता ती वस्तू तेव्हा अस्तित्वात नव्हती.

प्रत्येक रचनेचा एक तरी नमुना, खेपेच्या क्रमांकासह, जपून ठेवला असता तर जुन्या खेपांवरचे शुल्क वाचवता आले असते. एका कपाटापलीकडे त्याला खर्च नाही. खरेदी करारात 'कच्चा माल, थरांची रचना किंवा विणकामाची जागा बदलल्यास आधी लेखी कळवावे' असे एक वाक्य असते तर बहुतेक गुंता टळला असता. ते आता घातले आहे. विणकामाची जागा त्यात मुद्दाम घातली, कारण तिच्यामुळे कोड नाही तरी मूळ देश बदलतो.

प्रकटन आणि रुलिंग यांच्या क्रमाबद्दल मतभेद आजही आहेत. कंपनीच्या वकिलांच्या मते दोन्ही एकाच दिवशी दाखल करायला हवे होते. दोन तारखांमधल्या काळात चौकशी सुरू झाली असती तर घ उघडा पडला असता. मला वाटते की घ बद्दलचा तो परिच्छेद पुरेसा होता, पण त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही.

आणि आवृत्ती बदलते तेव्हा फक्त जुना कोड, नवा कोड असा तक्ता जुळवून काम संपवायचे नाही, असे या कंपनीने ठरवले आहे. पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून लागू होणार आहे. त्याआधी मोठ्या उलाढालीच्या प्रत्येक वस्तूची प्रत्यक्ष रचना पुन्हा तपासायची अशी यादी तयार आहे.

दरम्यान खरेदी विभागाने एक प्रस्ताव आणला होता. पुरवठादार घ पुन्हा जुन्या पद्धतीने, म्हणजे घट्ट थर काढून, एकाच फोमच्या थराचा करून द्यायला तयार होता. तसा मोजा ४०१५ मध्ये जाण्याची शक्यता होती आणि शुल्क वाचले असते. यात गैर काही नाही. वस्तू खरोखरच तशी बनवली असेल तर कमी दराचा कोड मिळणे हा आयातदाराचा हक्क आहे. प्रस्ताव नमुन्यासह मोजे वापरणाऱ्या ग्राहकांकडे गेला. दोन ग्राहकांनी तो तेलात बुडवून पाहिला आणि आतले अस्तर ओले झाल्याचे कळवले. प्रस्ताव मागे घेण्यात आला.